भाकीत खरं ठरलं का? हा प्रश्न मी का सोडला

दिवाळीच्या सुट्टीत मोडनिंबला गेले होते. संध्याकाळी ओट्यावर बसले होते, तेवढ्यात आमचे आबा (माझे चुलत आजोबा) मोबाईल पुढे धरून आले. "काय गं, तू त्या बायबलवर पीएचडी करतीस न्हवं? मग ह्ये खरं हाय का सांग." व्हॉट्सॲपवर फिरणारा एक फॉरवर्ड होता. अडीच हजार वर्षांपूर्वी एका संदेष्ट्यानं लिहून ठेवलंय की जगातलं सगळ्यात बलाढ्य राष्ट्र बुडणार, ते राष्ट्र म्हणजे आजची अमुक महासत्ता, आणि वेळ जवळ आली आहे. खाली चार वचनांचे आकडे, एक भडक चित्र आणि "दहा जणांना पाठवा".

मी वीस मिनिटं बोलले. असिरिया, बाबिलोन, हिब्रू, कालनिश्चिती, सगळं. आबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी खरं का खोटं, ते तुला बी ठावं न्हाई."

वाईट वाटलं, पण त्यांचा प्रश्न आणि माझ्या संशोधनातली पहिल्या वर्षीची चूक एकच आहे हे त्या रात्री लक्षात आलं. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेट-नेटच्या तयारीत आहेत किंवा सिनॉप्सिस लिहीत आहेत, म्हणून ती चूक इथं सविस्तर सांगते. विषय बायबलचा असला तरी धडा कुठल्याही जुन्या मजकुराला लागू पडतो. श्रद्धेचा प्रश्न मी इथं घेत नाही, तो ज्याचा त्याचा. आपण फक्त इतिहासाची पद्धत बघू.

माझा तक्ता

माझा विषय थोडक्यात असा: प्राचीन पश्चिम आशियातल्या मोठ्या साम्राज्यांना उद्देशून हिब्रू संदेष्ट्यांनी दिलेले इशारे. पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहानं एक तक्ता केला. पहिल्या रकान्यात वचन, दुसऱ्यात कुणाविरुद्ध, तिसऱ्यात प्रत्यक्षात काय झालं, आणि चौथ्या रकान्यात "खरं ठरलं" किंवा "खोटं ठरलं". आठ महिने या तक्त्यात गेले. रंगसुद्धा दिले होते, हिरवा आणि लाल.

गाईडनी तो पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "या तक्त्यात ऐकणारे लोक कुठे आहेत?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण त्या चार रकान्यांत एक बोलणारा होता, एक घटना होती, पण ज्यांच्या कानावर ते शब्द पडले त्यांना जागाच नव्हती. आठ महिन्यांचं काम फुकट गेलं असं तेव्हा वाटलं. आज वाटतं, फुकट गेलं नाही, पण महाग पडलं.

घोळ मराठी शब्दातच आहे

माझी चूक थोडी माझ्या भाषेतून आली होती. "भाकीत" हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सोलापूरकडच्या माणसासमोर सिद्धेश्वरची यात्रा येते. संक्रांतीच्या दिवसांत होम मैदानावर होमविधी झाला की वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, फळं असं बरंच काही मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बुजतं का, मूत्र टाकतं का, यावरून पाऊसपाणी आणि बाजारभाव सांगतात. बुलढाण्याच्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पिकांचं नि पावसाचं भाकीत सांगतात. तिथं तर पान-सुपारीवरून राजाच्या गादीचंही भाकीत निघतं.

या भाकितांचं स्वरूप बघा. पुढे काय होणार ते सांगायचं. ऐकणाऱ्यानं काही केलं म्हणून पाऊस कमी-जास्त होणार नाही. म्हणजे वर्षाच्या शेवटी "खरं ठरलं का" हे विचारणं रास्तच आहे.

हाच साचा मी न कळत हिब्रू ग्रंथांवर बसवला. मराठी ख्रिस्ती परंपरेतले जुने शब्दही त्याला मदत करतात. जुन्या मराठी बायबलमध्ये यशया, यिर्मया यांना "भविष्यवादी" म्हणत, म्हणजे भविष्य बोलणारा. आजच्या मराठीत रुळलेला शब्द आहे "संदेष्टा", म्हणजे निरोप आणणारा. दोन्ही शब्द एकाच हिब्रू शब्दासाठी आहेत, "नाबी". त्याचं नातं अक्कादी भाषेतल्या "बोलावणे, हाक देणे" या अर्थाच्या क्रियापदाशी लावतात. त्या शब्दात भविष्याचा उल्लेखच नाही. "भविष्यवादी" म्हटलं की आपण पंचांग उघडतो. "संदेष्टा" म्हटलं की विचारतो, निरोप कुणाचा आणि कुणासाठी?

इथं आपल्याच भागातलं एक उदाहरण देते. कुर्डुवाडीहून पुण्याला रेल्वेनं जाताना दौंडच्या पुढे केडगाव स्टेशन लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं एका कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते भाषांतर छापून पूर्ण झालं. मराठीत भाषांतरं आधीपासून होती. सेरामपूरहून १८११ साली नवा करार आला होता, मुंबईत अमेरिकन मिशननं १८२६ मध्ये आपला छापला होता. तरी रमाबाईंना पुन्हा मुळापासून सुरुवात करावीशी वाटली. संस्कृतप्रचुर, धार्मिक अर्थांनी आधीच भरलेले शब्द टाळून खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. शब्दाबरोबर त्याचा जुना संसारही येतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मला ते कळायला आठ महिने लागले.

ज्याला इशारा दिला ते राष्ट्र

आता प्रत्यक्ष प्रकरणाकडे येऊ. आबांच्या फॉरवर्डमध्ये "बलाढ्य राष्ट्र" असं मोघम होतं. मूळ ग्रंथात राष्ट्रांची नावं आहेत, आणि त्यातलं सगळ्यात धाक असलेलं नाव म्हणजे असिरिया.

हे राज्य आजच्या उत्तर इराकमधलं. तिसरा तिग्लथ-पिलेसर (इ.स.पू. ७४५ ते ७२७) याच्यापासून त्याचा विस्तार झपाट्यानं झाला. जिंकलेल्या प्रदेशातले लोक उचलून दुसरीकडे वसवायचे, ही त्यांची ठरलेली पद्धत. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याची राजधानी शोमरोन पडली. ७०१ मध्ये सन्हेरीब यहूदा राज्यावर चालून आला, लाखीश शहर घेतलं आणि यरुशलेमला वेढलं. लाखीशच्या पाडावाचे शिल्पपट त्यानं निनवेच्या राजवाड्यात कोरून घेतले. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

या स्वारीचा तपशील दोन्ही बाजूंनी मिळतो. राजे या पुस्तकात लिहिलंय की यहूदाच्या हिज्कीया राजानं खंडणी म्हणून तीनशे किक्कार चांदी आणि तीस किक्कार सोनं दिलं. सन्हेरीबच्या मातीच्या लेखात सोनं तेवढंच, तीस, पण चांदी आठशे. यरुशलेम मात्र घेतल्याचं सन्हेरीबही म्हणत नाही. दोन शत्रूंच्या नोंदी जिथं जुळतात तिथं पाय रोवायचा आणि जिथं जुळत नाहीत तिथं विचार सुरू करायचा, हे मी या आकड्यांवरून शिकले.

यशयाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात या राष्ट्राला दिलेला इशारा आहे. त्याचा आशय असा की असिरिया ही देवाच्या हातातली काठी आहे. दुसऱ्यांना शिक्षा करायला ती वापरली जातेय, पण काठीला वाटतंय की मारणारी मीच. कुऱ्हाड कधी लाकूडतोड्यापुढे फुशारकी मारते का? मग हा राजा जिंकलेल्या शहरांची यादी कुणाच्या जोरावर वाचतोय?

त्या यादीत कर्कमीश आहे. हे राज्य असिरियानं इ.स.पू. ७१७ मध्ये खालसा केलं. म्हणून बरेच अभ्यासक या भाषणाची वेळ ७१७ नंतरची धरतात. मजकुराची तारीख मजकुराच्या पोटातून अशी काढतात, हे ध्यानात ठेवा.

नहूम: तारीख कशी काढायची

याच युक्तीचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे नहूमचं छोटंसं पुस्तक. फक्त तीन अध्याय, आणि सगळा रोख निनवेवर. निनवे म्हणजे असिरियाची शेवटची राजधानी. पुस्तकावर सन-तारीख नाही. मग काळ कसा ठरवायचा?

तिसऱ्या अध्यायात नहूम निनवेला विचारतो की तू त्या इजिप्तच्या नगरीपेक्षा सुरक्षित आहेस का? पाण्यानं वेढलेली ती नगरीसुद्धा पडली की. ही नगरी म्हणजे थीब्ज. ती असिरियाच्याच अशुरबनिपालनं इ.स.पू. ६६३ मध्ये लुटली. म्हणजे हा मजकूर ६६३ च्या आधीचा असू शकत नाही. दुसरीकडे निनवे पडलं ६१२ मध्ये. बाबिलोनी आणि मेदी सैन्यानं तीन महिने झुंज देऊन ते घेतलं. ही हकिकत बाबिलोनी बखरीच्या एका मातीच्या पाटीवर आहे आणि ती पाटी सी. जे. गॅड यांनी १९२३ साली प्रसिद्ध केली. पुस्तक निनवे पडण्याची वाट बघतंय असं धरलं तर ते ६६३ आणि ६१२ यांच्या मधलं.

पन्नास वर्षांची ही खिडकी छोटी नाही, पण अंदाजपंचेही नाही. आणि एक खोच बघा. थीब्ज लुटणारा असिरियाच, आणि नहूम त्याच लुटीची आठवण असिरियाला करून देतोय. तुम्ही दुसऱ्यांचं जे केलंत त्यातच तुमचं उद्याचं चित्र आहे, हा त्याचा युक्तिवाद. म्हणजे इथं भविष्य आकाशातून पडलेलं नाही. ऐकणाऱ्यांच्या आठवणीत ताज्या असलेल्या घटनेवरून ते उभं केलेलं आहे.

माझ्या तक्त्यात नहूमपुढे हिरवा रंग होता. हा सगळा युक्तिवाद त्या रंगाखाली झाकला गेला होता.

योना: तेच शहर, उलटा शेवट

लाल रंग होता योनापुढे. शहर तेच, निनवे. योना तिथं जाऊन सांगतो की चाळीस दिवसांत हे शहर उलथणार. मूळ हिब्रूत हा अख्खा निरोप जेमतेम पाच शब्दांचा आहे. मग काय होतं? राजा सिंहासनावरून उतरतो, गोणपाट नेसतो, माणसं आणि जनावरं सगळी उपास करतात. देव शिक्षा रद्द करतो. शहर वाचतं आणि योना रागावतो.

इतिहास म्हणून पाहिलं तर असिरियन नोंदींत असा प्रसंग नाही. बहुतेक अभ्यासक हे पुस्तक निनवे उद्ध्वस्त झाल्यानंतर बऱ्याच काळानं लिहिलेलं मानतात. म्हणजे पहिल्या वाचकांना ते शहर कधीच मातीत गेलंय हे ठाऊक होतं. तरी लेखक त्यांना वाचलेल्या निनवेची गोष्ट सांगतो. कशासाठी? कारण त्याचा प्रश्न निनवेचा नव्हताच. शत्रूला दिलेला इशारा शत्रूनं ऐकला तर तुम्हाला आनंद होईल की दुःख, हे तो आपल्या लोकांना विचारतोय.

भाषेचीही एक गंमत आहे. योनाच्या निरोपात जे क्रियापद आहे त्याचा अर्थ "उलथणे" असाही होतो आणि "बदलून जाणे" असाही. मराठीत "पालटणे" म्हटलं तर दोन्ही छटा येतात. चाळीस दिवसांत निनवे पालटेल. आणि ते पालटलंच की! आता सांगा, हिरवा रंग द्यायचा की लाल?

न घडलेलं भाकीत जीव वाचवतं

तुम्ही म्हणाल, योना ही कथा आहे. मग यिर्मयाचा सव्विसावा अध्याय घ्या, माझ्या प्रबंधाचा कणा तोच आहे.

इ.स.पू. ६०९ च्या सुमाराची गोष्ट म्हणून हा प्रसंग सांगितलाय. मंदिराच्या अंगणात यिर्मया म्हणतो की सुधारला नाहीत तर हे मंदिर उजाड होईल. लोक त्याला धरतात आणि मृत्युदंड मागतात. तेव्हा गावातली वडीलधारी माणसं उठून जवळपास शंभर वर्षांपूर्वीचा दाखला देतात. मीखा नावाच्या संदेष्ट्यानं असंच सांगितलं होतं की सियोन शेतासारखं नांगरलं जाईल. हिज्कीयानं त्याला मारलं का? नाही. तो घाबरला, देवाला शरण गेला, आणि संकट टळलं.

थांबून विचार करा. मीखाचं बोलणं त्या काळात घडलं नव्हतं. माझ्या तक्त्याच्या हिशेबानं तो "खोटा" ठरायला हवा होता. पण हे लोक त्याला खोटा म्हणत नाहीत. ते न घडणं हाच त्याच्या बोलण्याचा उपयोग, असं ते मानतात आणि त्या आधारावर दुसऱ्या माणसाचा जीव वाचवतात. त्याच अध्यायात उरीया नावाच्या संदेष्ट्याची नोंद आहे. तो असंच बोलला, इजिप्तला पळाला, आणि राजानं त्याला तिथून आणून मारलं. म्हणजे इशारा द्यायची किंमत खरीखुरी होती.

असिरियालाही ही किंमत कळत होती. एसरहद्दोन राजानं इ.स.पू. ६७२ मध्ये आपल्या वारसासाठी अंकित राजांकडून शपथा घेतल्या. त्या करारात अट आहे की वारसाविरुद्ध काही वाईट बोलणं कानावर आलं, मग ते संदेष्ट्याच्या तोंडून का असेना, तर लपवायचं नाही, कळवायचं. असिरियाचे स्वतःचे संदेष्टेही होते आणि त्यांची वचनं निनवेच्या दफ्तरात जपलेली सापडली आहेत. त्यांचा सूर साधारण असा की भिऊ नकोस राजा, देवी तुझ्या पाठीशी आहे. दिलासा दफ्तरात जपायचा आणि इशाऱ्याची खबर द्यायची, ही साम्राज्याची रीत.

गंमत म्हणजे "खरं ठरलं का" ही कसोटीसुद्धा बायबलमध्येच आहे. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात सांगितलंय की बोललेलं घडलं नाही तर तो संदेष्टा खरा नव्हे. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात मात्र वेगळं सूत्र आहे. राष्ट्राला इशारा दिला आणि ते वळलं, तर शिक्षाही मागे घेतली जाते. अठ्ठाविसाव्या अध्यायात तर तो फरकच करतो. युद्ध-संकटाचं बोलणारे पूर्वीही होते, पण "सगळं ठीक होईल" म्हणणाऱ्याला मात्र घडून येण्याच्या कसोटीवर तपासा. यहेज्केलही प्रामाणिक आहे. बाबिलोनचा राजा सोर शहराचा पुरता नाश करील असं सव्विसाव्या अध्यायात म्हटलंय, आणि इ.स.पू. ५७१ ची तारीख असलेल्या एकोणतिसाव्या अध्यायात मान्य केलंय की सोरच्या वेढ्यातून त्या राजाच्या सैन्याच्या हाती काही लागलं नाही. आधीचं वचन खोडलं नाही, दोन्ही ठेवलं.

म्हणजे ज्याला आपण एक ग्रंथ, एक मत समजतो त्यात आतल्या आत वाद चाललाय. मी त्यातली एकच बाजू उचलून तक्ता केला होता. विरोधी पुरावा लपलेला नव्हता, आठ अध्याय पुढे होता.

उजनीचा भोंगा

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी आबांकडे पुन्हा गेले. आमची आत्या, म्हणजे आबांची थोरली मुलगी, भीमाकाठच्या गावात दिलीय. उजनीचं धरण आपल्याच माढा तालुक्यात. पावसाळ्यात विसर्ग वाढवला की नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा येतो. आत्या जनावरं सोडवून उंचावर नेते, धान्याची पोती माळ्यावर टाकते.

मी विचारलं, "आबा, इशारा आला, आत्यानं जनावरं हलवली, आणि पाणी गोठ्यात आलंच नाही. मग इशारा खोटा का?"

"खोटा कसा? पाणी कवा बी वाढतंय. हलवलेलं बरं."

"आणि पाणी आलं, पण गोठा रिकामा होता, कुणी मेलं नाही. मग?"

आबा हसले. "मग कामाला आला म्हन की."

तेच. वासराच्या भाकणुकीला आपण वर्षअखेर हिशेब मागतो. उजनीच्या इशाऱ्याला मागत नाही, कारण तो ऐकणाऱ्याच्या हालचालीसाठी असतो. नहूम, यशया, मीखा यांच्या वचनांत दोन्ही प्रकार मिसळलेले आहेत. कुठलं वचन कुठल्या जातीचं हे आधी ठरवायचं आणि मगच त्याला प्रश्न विचारायचा.

पण ऐकत कोण होतं?

आता गाईडच्या प्रश्नाकडे परत. असिरियाला दिलेला इशारा असिरियानं ऐकला का? यशया हिब्रूत बोलत होता, यरुशलेममध्ये. निनवेच्या राजवाड्यात ते भाषण पोचल्याचा पुरावा नाही. मग समोर कोण होतं?

समोर होता यरुशलेमचा दरबार, आणि त्याच्यापुढे राजकीय पेच होता. असिरियाला खंडणी देत राहायचं, की इजिप्तशी हातमिळवणी करून बंड करायचं? यशयाच्या तिसाव्या-एकतिसाव्या अध्यायांत इजिप्तच्या घोड्यांवर भरवसा ठेवणाऱ्यांना तो फैलावर घेतो. म्हणजे "असिरिया ही नुसती काठी आहे" हे वाक्य असिरियासाठी धमकी वाटलं, तरी दरबारासाठी ते धोरण होतं. तिला देव समजू नका, आणि तिला घाबरून इजिप्तच्या गळ्यात पडू नका.

आमोसनं तर ऐकणाऱ्यांना सरळ सापळ्यात पकडलंय. पुस्तकाच्या सुरुवातीला तो शेजारच्या राष्ट्रांचे गुन्हे एकेक करून मोजतो: दमास्कस, गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. श्रोते माना डोलावत असणार. मग यहूदा येतं. आणि शेवटी, सगळ्यात लांब, ज्यांच्यासमोर तो उभा आहे त्या इस्राएलचीच पाळी. त्यांचा गुन्हा काय? गरिबाला जोड्याच्या किमतीला विकणं.

आबांचा फॉरवर्ड याच्या बरोबर उलटा आहे. इशारा कायम दुसऱ्या कुणासाठी, दूरच्या महासत्तेसाठी. वाचणारा सुरक्षित, त्याला फक्त दहा जणांना पाठवायचंय. मूळ मजकुराची सगळी धार ऐकणाऱ्याकडे वळलेली होती, ती फॉरवर्डमध्ये पूर्ण बोथट झाली.

मुंबईतले दगड

अशी घाई फक्त व्हॉट्सॲपवाले करतात असं समजू नका. मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियन शिल्पपट जरूर बघा. ते निमरूदच्या राजवाड्यातले आहेत. १८४५ पासून हेन्री लेयार्डनं तिथं खोदकाम केलं. सापडलेल्या दगडांच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे इंग्लंडला जात. मुंबईत काही पेट्या परस्पर उघडल्या गेल्या अशी तक्रार लेयार्डनं पुढे केली.

इंग्लंडात बायबल वाचून मोठी झालेली पिढी या दगडांकडे पुरावा म्हणूनच बघत होती. लेयार्डचं पुस्तक १८४९ साली निनवेच्या नावानं निघालं आणि तुफान खपलं. पण त्यातलं मुख्य खोदकाम निनवेचं नव्हतंच, निमरूदचं होतं, म्हणजे असिरियाच्या दुसऱ्या राजधानीचं. खरं निनवे तिथून वर, मोसुलसमोरच्या टेकाडांखाली होतं. इतकी घाई होती की शहराचं नावसुद्धा आधी ठरलं आणि तपासणी नंतर झाली. त्याच मोसुलमध्ये योनाची कबर मानलेली मशीद होती. २०१४ साली ती स्फोटानं उडवली गेली, आणि पुढे तिच्याखालच्या बोगद्यांत असिरियन राजवाड्याचे अवशेष दिसले.

तुमच्यासाठी पाच प्रश्न

जुना मजकूर कुठलाही असो, शिलालेख, बखर, अभंग, मिशनऱ्यांचा अहवाल. निष्कर्षाआधी एवढं वहीत लिहा:

१. बोलणारा कोण, आणि बोलण्यात त्याला धोका काय होता?

२. समोर कोण होतं? मजकुरात ज्याचं नाव आहे तोच ऐकणारा असेल असं नाही.

३. मजकुरातली सगळ्यात उशिराची घटना कोणती? तिथून तारखेची खालची कड मिळते.

४. विरुद्ध बाजूची नोंद आहे का? आकडे कुठे जुळतात, कुठे फाटतात?

५. माझा मराठी शब्द मूळ शब्दाच्या पुढे पळतोय का? "भाकीत", "धर्म", "राष्ट्र", "जात" असले शब्द वापरताना दोनदा थांबा.

"राष्ट्र" मुद्दाम घातलाय. हिब्रूतला "गोय" म्हणजे एका ठिकाणचा, एका वंशाचा समजला जाणारा जनसमूह. झेंडा, सीमा, पासपोर्ट असलेलं आजचं राष्ट्र त्यात नाही. फॉरवर्डवाल्यानं नेमकी इथंच उडी मारली होती.

तो तक्ता मी फेकला नाही. चौथा रकाना काढला आणि त्याजागी दोन घातले: "कुणी ऐकलं" आणि "ऐकून काय केलं". निम्म्याहून जास्त ओळींत हे रकाने अजून रिकामे आहेत. पुढची दोन वर्षं त्यातच जाणार.

आबांना शेवटी काय सांगितलं? म्हटलं, "ती वचनं ज्या राष्ट्राबद्दल होती ते कधीच गेलं, आजच्या कुठल्या देशाचं नाव त्यात नाही. पण ज्यांच्याकडे ताकद हाय त्यांनी माजू नये, हे त्यात सांगितलंय." आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्ये तर आपल्या गावात बी सांगाया पायजे." आणि फॉरवर्ड डिलीट कसा करायचा ते विचारलं.

योनाचं पुस्तक देवाच्या एका प्रश्नावर संपतं आणि योनाचं उत्तर त्यात दिलेलंच नाही. पुढच्या पोस्टमध्ये त्या न दिलेल्या उत्तरापासून सुरू करू, आणि मजकुरात जे लिहिलेलंच नाही त्याचा पुरावा म्हणून किती आणि कसा वापर करता येतो ते बघू. तोवर तुमच्या सिनॉप्सिसमधल्या एका तरी तक्त्यात ऐकणाऱ्यांचा रकाना घालून बघा.